देवराई आणि ज्ञानशाखांची साक्ष

पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्या सभांतून आणि शालेय निबंधांतून काही उल्लेख हमखास येतात. अंगणातील तुळशीवृंदावन, ज्येष्ठी पौर्णिमेची वटपूजा, नागपंचमीस जमीन न नांगरण्याची चाल, वृक्षांना सोयरे मानणारा तुकोबांचा अभंग, एवढी सामग्री मांडून झाली की वक्ता समाधानाने सांगतो, पाश्चात्त्यांना आज जे सुचत आहे ते आमच्या पूर्वजांनी केव्हाच ओळखले होते. शिक्षक या नात्याने असे निबंध आम्ही पुष्कळ तपासले आहेत आणि, कबूल करावयास हरकत नाही, अशी भाषणेही केली आहेत. परंतु ज्या गावात असे भाषण होते त्या गावच्या ओढ्याचे बहुधा गटार झालेले असते, आणि ज्या वडाची पूजा व्हावयाची त्याच्या फांद्या आदल्या दिवशीच तोडून बाजारात विकावयास आलेल्या असतात.

हा निव्वळ दंभ आहे असे म्हणून विषय सोडून देणे सोपे आहे. आमच्या मते प्रश्न याहून खोल आहे. धर्मभावनेतून निसर्गाविषयीची जबाबदारी खरोखर उत्पन्न होते काय, आणि होत असेल तर कोणत्या अटींवर? या प्रश्नाला इतिहास, भूगोल, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, वनस्पतिशास्त्र, मानवशास्त्र अशा अनेक शाखांनी आपापल्या परीने उत्तरे दिली आहेत. त्यांतील काही येथे एकत्र आणून, आपल्या सह्याद्रीतील देवराईच्या उदाहरणावर ती पारखून पाहावी, असा या लेखाचा हेतू आहे.

१

हा प्रश्न विद्यापीठीय जगात ठळकपणे उभा राहिला तो एका इतिहासकाराच्या व्याख्यानाने. मध्ययुगीन यंत्रविद्येचे अमेरिकन अभ्यासक लिन व्हाइट यांनी २६ डिसेंबर १९६६ रोजी वॉशिंग्टन येथे वैज्ञानिकांच्या परिषदेपुढे एक निबंध वाचला, आणि १९६७ च्या मार्च महिन्यात तो ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. व्हाइट यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: मनुष्य निसर्गाशी कसा वागतो हे तो स्वतःविषयी आणि सृष्टीविषयी काय मानतो यावर अवलंबून असते, बायबलच्या आरंभी मनुष्यास पृथ्वीवर सत्ता गाजविण्याची अनुज्ञा दिली आहे, पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माने वृक्षांतील व झऱ्यांतील देवता हाकलून लावल्या आणि त्यामुळे निसर्गाची लूट निर्धास्तपणे करणे शक्य झाले. व्हाइट धर्मविरोधक नव्हते. ज्या परंपरेने रोग दिला तिनेच औषधही द्यावे, असे मानून त्यांनी पशुपक्ष्यांना बंधू लेखणारे संत फ्रान्सिस हे पर्यावरण-अभ्यासकांचे अधिष्ठाते व्हावेत असे सुचविले. पुढे १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिस यांना तसे घोषितही केले.

योगायोग असा की त्याच १९६६ साली सय्यद हुसेन नस्र या इराणी विद्वानांनी शिकागो येथे व्याख्याने देऊन जवळपास हेच दुखणे इस्लामी तत्त्वचिंतनाच्या बाजूने मांडले. सृष्टीतील पावित्र्याचा बोध लोपला, हे त्यांच्या मते संकटाचे मूळ होते. दोघांचाही रोख एकच होता: श्रद्धा बदलली म्हणून आचरण बिघडले.

यावर आक्षेप आले आणि ते निरनिराळ्या शाखांतून आले, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. हिब्रू भाषेचे पंडित जेम्स बार यांनी १९७२ मध्ये मूळ शब्दांचा अर्थ तपासून दाखविले की, ‘सत्ता’ या शब्दावर व्हाइट व इतर लेखक जेवढा भार टाकतात तेवढा तो पेलत नाही. त्याच प्रकरणात मनुष्यास अन्न म्हणून केवळ वनस्पतीच नेमून दिल्या आहेत. ऑस्ट्रेलियन तत्त्ववेत्ते जॉन पॅसमोर यांनी १९७४ च्या ग्रंथात दाखविले की, पाश्चात्त्य परंपरेत मालकीच्या भावनेबरोबर विश्वस्ताची भावनाही, क्षीण का होईना, वाहत आलेली आहे.

परंतु सर्वांत मर्मभेदी आक्षेप एका भूगोलज्ञाचा होता. चिनी वंशाचे अमेरिकन भूगोलज्ञ यी-फू तुआन यांनी १९६८ मध्ये विचारले, की निसर्गाशी एकरूप होण्याची शिकवण देणाऱ्या चीनमध्ये अरण्ये का टिकली नाहीत? बौद्ध विहारांनी आपल्या आवारातील झाडे राखली हे खरे. परंतु बौद्धांबरोबर दहनाची चाल आली आणि तिने लाकडाचा तुटवडा वाढविला. सुलेखनाच्या शाईसाठी काजळी हवी म्हणून डोंगरावरील पाइन वृक्ष जाळले गेले. ज्या शाईने निसर्गप्रेमाची काव्ये लिहिली गेली ती शाई त्याच अरण्याच्या राखेतून आली. उक्ती आणि कृती यांतील हे अंतर तुआन यांनी कोणाची निंदा करण्यासाठी दाखविले नव्हते. ग्रंथांत काय लिहिले आहे हे पाहून जमिनीवर काय घडले हे ठरविता येत नाही, एवढेच त्यांना सांगावयाचे होते.

२

तुआन यांचा प्रश्न आपल्याकडे वळविला तर प्रथम गंगा आठवते. गंगेइतका पूज्यभाव भारतात क्वचितच दुसऱ्या एखाद्या नदीच्या वाट्यास आला असेल. आणि तरीही काशीच्या घाटांशी सांडपाणी मिळतच राहिले. केली अ‍ॅली या मानवशास्त्रज्ञ विदुषीने दशाश्वमेध घाटाच्या परिसरात राहून केलेला अभ्यास २००२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तिच्या निष्कर्षाचे सार असे की, भाविकाच्या मनात ‘पवित्र’ आणि ‘स्वच्छ’ या दोन वेगळ्या कोटी आहेत. गंगेत घाण पडते हे त्याला दिसते; परंतु घाणीने गंगेचे पावित्र्य भंगते असे तो मानत नाही. माता लेकराची घाण पोटात घालते, तशी गंगा घालते. अशा स्थितीत श्रद्धा जितकी दृढ तितकी चिंता कमी, असा विपरीत परिणाम संभवतो.

या कोड्याला एका माणसाने स्वतःच्या आयुष्यात उत्तर देण्याचा यत्न केला. वीरभद्र मिश्र हे काशीच्या संकटमोचन मंदिराचे महंत होते आणि त्याच वेळी काशी हिंदू विश्वविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक, जलशास्त्राचे जाणकार होते. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन प्रतिष्ठान स्थापिले आणि २०१३ मध्ये निधन होईपर्यंत गंगेच्या शुद्धीसाठी झटले. महंत म्हणून ते नित्य गंगास्नान करीत, आणि अभियंता म्हणून त्याच पाण्यातील जंतूंची मोजणी करवीत. पवित्र गंगेला स्वच्छ ठेवणे हे भक्ताचे काम आहे, असे त्यांनी मांडले. श्रद्धेत जे आपोआप अंतर्भूत नव्हते ते त्यांना विद्येच्या साहाय्याने तिच्यात आणावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३

येथवरची उदाहरणे पाहून कोणी म्हणेल की, मग धर्मभावनेने निसर्ग राखला ही सारी कविकल्पनाच म्हणावयाची काय? तसे नाही. देवराई हे याचे प्रत्यक्ष प्रमाण आहे. ग्रामदेवतेच्या नावाने सोडलेला जंगलाचा तुकडा, जेथे कुऱ्हाड चालत नाही आणि जेथील वाळकी काटकीही घरी न्यावयाची नाही, त्यास पुणे जिल्ह्याच्या मावळात देवराई किंवा राई म्हणतात, दक्षिण कोकणात देवरहाटी म्हणतात. कोडगूमध्ये त्यास देवरकाडु, केरळात काव आणि राजस्थानात ओरण म्हणतात. गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथील निरंकाराची राई प्रसिद्ध आहे. तेथे रानटी जायफळाच्या वर्गातील वृक्षांची एक दुर्मिळ दलदल आजही वाहत्या पाण्यात उभी आहे.

या संस्थेची नोंद प्रथम घेणाऱ्यांत एक वनाधिकारी होता. हिंदुस्थानातील वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रांडिस यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले की, अशी देववने त्यांना जवळजवळ प्रत्येक प्रांतात आढळली होती. लिहिताना त्यांनी क्रियापदाचा काळ सावधपणे बदलला आहे: ही वने फार आहेत असे म्हणता म्हणता, फार होती असे ते म्हणतात. ज्या खात्याचा पाया त्यांनी घातला त्याने, विशेषतः १८७८ च्या वनकायद्यानंतर, गावोगावचे जंगल सरकारजमा केले होते. गावाचे सामाईक हक्क गेले की गावाचे सामाईक नियमही दुबळे होतात.

यानंतरची महत्त्वाची साक्ष इतिहासकाराची आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ मध्ये गोव्यातील कोसबें येथे झाला. पेशाने ते गणिती. परंतु पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि आडवाटा पायांखाली घालून त्यांनी शेंदूर फासलेल्या तांदळ्यांची आणि मातृदेवतांच्या ठाण्यांची नोंद केली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी दाखविले की, यांतील अनेक ठाणी शेतीच्या पूर्वीच्या काळातील वाटांच्या तिठ्यांवर आहेत. या क्षेत्रकार्याच्या आधारे पुढील अभ्यासकांनी असे अनुमान केले की, देवराईची प्रथा नांगराहून जुनी, शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या समाजातील असावी. हे अनुमान मान्य केले तर, देवराई हे कोणत्याही शास्त्रग्रंथाचे अपत्य नाही, असे मान्य करावे लागते. तिचा पुरस्कार पोथीत सापडत नाही म्हणून पोथी वाचणाऱ्यांचे तिच्याकडे लक्ष गेले नाही. आणि आज आपण तिचे श्रेय पोथीस देऊ लागलो तर ते न्यायाचे होणार नाही.

कोसंबींच्या याच ग्रंथात गोव्यातील जुन्या काबिजादींमधील ग्रामसंस्थेवरही एक निबंध आहे. गावकरी ही संस्था जमीन सामाईक कशी राखी, याचे त्यात विवेचन आहे. त्या किनाऱ्यावरील खाजन शेते खाऱ्या पाण्यापासून वाचवावयाची तर बांध आणि मानशीची दारे वर्षानुवर्षे सांभाळावी लागतात, आणि ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. कोसंबींनी हे दोन विषय स्वतंत्रपणे हाताळले. आम्हांस मात्र ते एकमेकांजवळ ठेवून वाचावेसे वाटतात. एका निबंधात देवी आहे आणि दुसऱ्यात गाव आहे. देवराई टिकावयास ही दोन्ही लागली.

४

पुढची साक्ष वनस्पतिशास्त्राची. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि हार्वर्डहून गणिती परिसरशास्त्राचे शिक्षण घेऊन १९७१ मध्ये परतलेले माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा धांडोळा घेतला आणि १९७५ व १९७६ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध केले. सभोवारचा मुलूख उजाड झाला असता या तुकड्यांत मूळ जंगलाच्या जाती कशा तगून आहेत, हे त्यांनी दाखविले. कोकणात श्रीवर्धनजवळ गाणी नावाचे गाव आहे. तेथील राई तोडली जाण्याचा प्रसंग आला तेव्हा गावकऱ्यांनीच या अभ्यासकांना हाक दिली. राई गेली तर तिच्यातून निघणारा झरा आटेल आणि गावाचे पाणी तुटेल, हे ते जाणून होते. येथे श्रद्धा आणि व्यवहारज्ञान यांतील सीमारेषा कोठे ओढावी, हे सांगणे कठीण आहे. आमच्या मते ती ओढण्याचा आग्रहही धरू नये. देवाचा धाक आणि पाण्याची गरज एकाच माणसाच्या मनात शेजारी नांदत होती.

तथापि याच ठिकाणी मानवशास्त्राने एक इशारा दिला आहे. रिचर्डसन फ्रीमन यांनी १९९९ मध्ये केरळातील कावांविषयी लिहिताना म्हटले की, आजच्या पर्यावरणाची कल्पना त्या काळच्या माणसांवर लादू नये. काव हे देवतेचे राखीव रान होते, जसे राजाचे राखीव रान असते. तेथील झाडास हात लावावयाचा नाही तो झाड अमोल म्हणून नव्हे, ते देवतेचे म्हणून. देवतेच्या कामासाठी तिची अनुज्ञा घेऊन झाड तोडले तर त्यात पाप नव्हते. आपल्या कोकणातही ही चाल आहेच. गावाला लाकूड लागले की मानकरी जमतात, गुरव कौल लावतो, आणि देवाने उजवा कौल दिला तर झाड पडते.

फ्रीमन यांचा मुद्दा स्वीकारताना आम्हांस असे वाटते की, कौलाच्या चालीचा आणखी एक अर्थ आहे. झाड तोडण्याची इच्छा झालेल्या माणसाला ती चारचौघांत, दिवसाउजेडी, देवळात बोलून दाखवावी लागे. त्याला थांबावे लागे, ऐकून घ्यावे लागे, आणि नकार मिळाला तर तो मानावा लागे. कौलाने झाडे पडलीही असतील. पण एकही झाड कोणाला न कळता पडले नाही, हा त्या पद्धतीचा गुण होता. ही व्यवस्था समतेची नव्हती, हेही येथेच सांगितले पाहिजे. मान मोजक्या घराण्यांचा होता, आणि कित्येक रायांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. तिचा गौरव करताना हे झाकणे इतिहासाला शोभणार नाही.

५

ही व्यवस्था मोडली की काय होते, हे कोडगूच्या इतिहासात आकड्यांनी दिसते. तेथील देवरकाडु १९०५ मध्ये महसूल खात्याकडे गेली आणि १९८५ मध्ये पुन्हा वनखात्याकडे आली. या ऐंशी वर्षांत त्यांचे क्षेत्र सुमारे ६,३०० हेक्टरांवरून सुमारे २,५५० हेक्टरांवर आले. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उरलेल्या देववनांची संख्या १,२१४ दिली आहे. या काळात कोडगूतील लोक नास्तिक झाले नव्हते. देवांचे उत्सव चालूच होते. रानाची राखण नेमकी कोणाकडे, हे धूसर झाले, कॉफीच्या लागवडीने जमिनीची किंमत वाढली, आणि पूज्यभाव तसाच असताना रान आक्रसत गेले.

आपल्या बाजूस याहून चमत्कारिक प्रकार घडत आहे. उघड्यावरच्या तांदळ्याला छप्पर हवे, मग गाभारा हवा, मग सभामंडप आणि गाड्या उभ्या करावयास जागा हवी, अशा क्रमाने जीर्णोद्धार होतो आणि त्यासाठी राईतलीच झाडे तुटतात, हे सह्याद्रीतील देवरायांच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे. वर्गणी देणारे बहुधा मुंबईस गेलेले गावकरीच असतात आणि त्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. देवीचे माहात्म्य वाढते तसतसे तिचे रान कमी होते. श्रद्धा कमी झाली म्हणून देवराया जात आहेत, हे आपले आवडते स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही.

कायद्याने अलीकडे काही पावले टाकली आहेत. २००२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आली, आणि त्याच वर्षीच्या जैवविविधता कायद्याने वारसास्थळे घोषित करण्याची वाट उघडली. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देववनांची, ती आकाराने कितीही लहान असोत, पाहणी व आखणी करण्याचा आणि त्यांना वन म्हणून नोंदविण्याचा आदेश दिला. त्याबरोबर ती राखणाऱ्या लोकसमूहांचे स्थान बळकट करण्यावरही भर दिला. हा दुसरा भाग आम्हांस पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. केवळ खातेबदलाने रान वाचत नाही, हा कोडगूचा धडा आहे.

६

या सर्व साक्षी एकत्र केल्या असता आमचे मत असे बनते. धर्मवचन, मग ते कोणत्याही धर्माचे असो, निसर्गाला आपोआप तारत नाही आणि आपोआप मारतही नाही. ते जेव्हा एका ठरावीक हद्दीला, ती राखणाऱ्या ठरावीक माणसांना, तोडणाऱ्यावर येणाऱ्या ठरावीक दंडाला आणि सर्वांसमक्ष होणाऱ्या निर्णयाला बांधले जाते तेव्हा त्यातून जबाबदारी जन्मते. देवराईत हे चारही होते. गंगेच्या पूजेत पावित्र्य अपार होते, पण घाण सोडणाऱ्याला अडविणारे कोणी नव्हते. व्हाइट यांनी श्रद्धेच्या आशयाकडे बोट दाखविले. आपण तिच्या बांधणीकडेही पाहिले पाहिजे.

हे सत्य कोणत्याही एका शाखेच्या हाती संपूर्णपणे आले नसते. भाषापंडिताने शब्द तपासला, भूगोलज्ञाने जमीन पाहिली, इतिहासकाराने ठाण्याचे वय काढले, वनस्पतिशास्त्रज्ञाने जाती मोजल्या, मानवशास्त्रज्ञाने भाविकाचे म्हणणे ऐकून घेतले. आपल्या शाळा-महाविद्यालयांत मात्र हा विषय एका तासिकेत विज्ञानाचा आणि दुसऱ्या तासिकेत संस्कृतीचा म्हणून शिकविला जातो, आणि दोन्हींची गाठ पडत नाही.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींस आमची एक साधी सूचना आहे. गोवा, बेळगाव, कोकण या प्रदेशांत ज्यांची शाळा आहे त्यांना चालत जाण्याच्या अंतरावर एखादी राई बहुधा सापडेल. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा नगरांतील शिक्षकांना एखादे जुने तळे किंवा बारव सापडेल. पुढच्या वेळी पर्यावरणावर निबंध लिहावयास सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांना तेथे न्यावे आणि चार प्रश्न विचारावयास सांगावे: हद्द कोठे आहे, राखण कोणाकडे आहे, मोडणाऱ्याला काय होते, आणि ते कोण, कोठे बसून ठरविते? उत्तरे गावातल्या वृद्धांकडून, गुरवाकडून, तलाठ्याच्या दप्तरातून मिळवावी. काही ठिकाणी चारही उत्तरे मिळतील. बहुतेक ठिकाणी एखाददुसरेच मिळेल. जे उत्तर मिळणार नाही तेथूनच विद्यार्थ्याने निबंधास आरंभ करावा. तुकोबांचा अभंग त्याला पाठ असेलच. तो म्हणण्याचा अधिकार आपण कशाने मिळविला, हे त्याला त्या निबंधात लिहिता यावे.